कोकणचा किनारी रस्ता: टूरने जावं की गाडी स्वतः चालवावी?

रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी महामार्ग नकाशावर एक सलग रेघ दिसतो. प्रत्यक्षात राजापुरी, बाणकोट, दाभोळ आणि जयगड या चार खाड्या त्याला आडव्या जातात. तिथे गाडी जंगलजेटीत, म्हणजे वाहनं नेणाऱ्या फेरीबोटीत, घालून पलीकडे न्यावी लागते. पुलांची कामं हाती घेतलेली आहेत, पण ते होईपर्यंत सगळी मदार जंगलजेटीवर. त्यामुळे ‘टूर की स्वतःची गाडी’ हे ठरवताना पैशाइतकाच या चार खाड्यांचा विचार करावा लागतो. पहिल्यांदा जाणारा नेमका तोच करत नाही आणि मुक्काम आधी बुक करून मोकळा होतो.

आधी टप्पा ठरवा

अख्खा किनारा एका सुट्टीत होत नाही. त्याचे तीन तुकडे करा. अलिबाग, काशीद, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर हा रायगडचा तुकडा. वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ, गुहागर, हेदवी, जयगड, गणपतीपुळे हा मधला. रत्नागिरीपासून पावस, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला हा तळकोकणाकडचा.

रत्नागिरीच्या खाली किनाऱ्याने जाताना लागणाऱ्या बहुतेक खाड्यांवर पूल आहेत, रस्ते मोकळे आहेत आणि रत्नागिरी, कणकवली, कुडाळ अशी कोकण रेल्वेची स्थानकं हाताशी आहेत. इथे टूर चालते, स्थानिक गाडी चालते, स्वतःचीही चालते. रायगडचा तुकडा मुंबई-पुण्याहून दोन दिवसांत होतो आणि नवशिक्या चालकाला झेपतो. खरा प्रश्न मधल्या तुकड्याचा. तीन जंगलजेट्या, अरुंद रस्ते, चढउतार आणि किनाऱ्याचं सर्वांत देखणं रूप, सगळं तिथेच एकत्र आलं आहे.

पन्नास आसनी बसने ‘कोकण किनारा दर्शन’ घडवणारी टूर या मधल्या पट्ट्यात बहुतेक वेळा किनाऱ्याने जातच नाही. बस मुंबई-गोवा महामार्गावर राहते, एका फाट्याने समुद्रापर्यंत उतरते, देऊळ आणि पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, दाखवते आणि पुन्हा चढून महामार्गाला लागते. त्यात फसवणूक नाही, मोठ्या बसला तेच सोयीचं असतं. फक्त तुम्हाला हवा असलेला रस्ता त्या पैशांत मिळत नाही.

टूरवाल्याला काय विचारायचं

‘काय काय दाखवणार’ हे विचारू नका, ती यादी लांबलचकच असते. ‘कुठल्या खाड्या जंगलजेटीने ओलांडणार’ हे विचारा. गाडी किती आसनी, हे विचारा. तेरा ते सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर असेल तर ती जंगलजेटीतही जाते आणि वाडीतल्या रस्त्यावरूनही निघते. फेरी बंद पडली तर पर्यायी मार्ग कोणता आणि जादा किलोमीटरचे पैसे कोण देणार, हेही विचारा. जंजिरा किंवा सिंधुदुर्ग किल्ल्याचं होडीभाडं धरलंय का? पावसाळ्यात या होड्या बंद असतात, तेव्हा त्या दिवसाचं काय? प्रत्येक ठिकाणी किती वेळ, हे तासांत लिहून घ्या. ‘पुरेसा वेळ’ म्हणजे चाळीस मिनिटं निघू शकतात.

एक प्रश्न परीक्षा घ्यायला ठेवा: हरिहरेश्वराची प्रदक्षिणा किती वाजता ठेवली आहे? ‘पोचलो की लगेच’ असं उत्तर आलं तर त्या माणसाने भरती-ओहोटी बघितलेली नाही. देवळामागची ती वाट कातळावरून, थेट लाटांच्या शेजारून जाते आणि ओहोटीलाच करायची असते. भरतीच्या वेळी तिथे उतरणं जिवावर बेतणारं आहे.

चालकासह भाड्याची गाडी: तीनशे किलोमीटरचा हिशेब

टूर आणि स्वतःची गाडी यांच्या मधला हा पर्याय अनेकांना सर्वांत सोयीचा वाटतो, पण पैसे इथेच जास्त सांडतात. मुंबई-पुण्याहून गाडी घेतली की दिवसाला किमान अडीचशे ते तीनशे किलोमीटर धरले जातात, गाडी तेवढी फिरो वा न फिरो. त्यावर चालकाचा भत्ता, टोल, फेरीचं भाडं. किनाऱ्याने तुम्ही दिवसाला साठ ते शंभर किलोमीटरच फिरता. पाच दिवसांची सहल जाऊन-येऊन सातशे-आठशे किलोमीटरची होते आणि बिल पंधराशे किलोमीटरचं येतं.

यातून सुटायचे दोन मार्ग आहेत. पहिला, ठरवतानाच ‘रोजचे किमान किलोमीटर नकोत, एकूण किलोमीटर आणि दिवसाचं वेगळं भाडं असं सांगा’ म्हणून घासाघीस करायची. दुसरा बरा. रेल्वेने माणगाव, खेड, चिपळूण किंवा रत्नागिरीला उतरायचं आणि तिथली गाडी घ्यायची. स्थानिक चालकाला कुठली जंगलजेटी कधी सुटते, कुठे रस्ता खोदून ठेवलाय, मासळीचं जेवण कुठे ताजं मिळतं, हे तोंडपाठ असतं. मुक्कामाच्या ठिकाणी चालकाच्या झोपण्याची सोय आहे का, हे मात्र आधीच विचारा. घरगुती मुक्कामात ती बहुधा नसते आणि बिचारा गाडीत डास मारत रात्र काढतो. सकाळी घाटात तोच माणूस तुमची गाडी चालवणार असतो.

स्वतः चालवायला भाड्याने गाडी घेणार असाल तर नंबरप्लेट बघा. अशा गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी ओळखीत भाड्याने दिली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते.

स्वतः चालवायचं ठरलं तर

सरासरी वेग ताशी पंचवीस ते तीस किलोमीटर धरा. नकाशावरचं ॲप याहून कमी वेळ दाखवतं, तो विसरा. शंभर किलोमीटर म्हणजे चार तास, त्यावर प्रत्येक जंगलजेटीचा वाट पाहण्यासकट पाऊण ते एक तास, शिवाय जेवण. दिवसाला शंभराच्या वर किलोमीटर लावले की तुम्ही समुद्र बघत नाही, घड्याळ बघता.

घाटात ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी नीट थांबत नाही. तसं झालंच तर गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थंड होऊ द्या, वर पाणी ओतू नका. अरुंद चढावर समोरासमोर गाडी आली तर चढणाऱ्याला आधी वाट, हा नियमच आहे. समोरून एसटी आली तर वाद न घालता मागे घ्या. तिचा चालक रोज त्याच वळणावरून जातो, शिवाय त्याची गाडी तुमच्यापेक्षा मोठी आहे.

वाडीतून जाताना दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या बुटक्या भिंती, असतात आणि रस्ता एका गाडीपुरता. आरसे मिटायची तयारी ठेवा. ॲप कधी कधी पाखाडीच, म्हणजे दगडी पायवाटच, रस्ता म्हणून दाखवतं. पुढे पायऱ्या दिसल्या की मग उलटं यायचं, तेही गडग्यांमधून. शंका आली तर माणसाला विचारा.

गावांची नावंही फसवतात. एक मुरूड रायगडात, जंजिऱ्याजवळ. दुसरं दापोली तालुक्यात, हर्णैच्या शेजारी. वेळासही दोन: श्रीवर्धन तालुक्यातलं एक आणि मंडणगड तालुक्यातलं कासवांचं. नकाशात नाव टाकताना तालुका लिहा, नाहीतर मुक्काम एका खाडीच्या अलीकडे आणि तुम्ही पलीकडे.

पेट्रोल तालुक्याच्या गावी भरून घ्या आणि टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. विजेवर चालणारी गाडी असेल तर रात्रीच्या मुक्कामी चार्जिंग मिळेल का, हे बुकिंगच्या वेळीच पक्कं करा. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा आणि दोन-तीन हजार रुपये रोख जवळ असू द्या. नेटवर्क गेलं की फोनवरचं पेमेंटही गेलं. स्टेपनीची हवा आणि जॅक घरीच तपासा.

रात्री चालवू नका. दिवे नसलेली वळणं, रस्त्यात बसलेली गुरं, पट्टे नसलेले गतिरोधक, यांतलं काहीच शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. सूर्य बुडायच्या वेळी गाडी मुक्कामी लागलेली हवी.

आणि गाडी पुळणीवर घालू नका. फोटोत छान दिसतं, पण बऱ्याच ठिकाणी बंदी आहे. शिवाय वरून कडक वाटणारी वाळू खाली ओली असते. चाक रुतलं की जितका ॲक्सिलरेटर द्याल तितकं ते खोल जातं आणि तोवर भरती येते. मग ट्रॅक्टर शोधायचा आणि तो मागेल ते द्यायचे.

जंगलजेटीत गाडी चढवताना

दाभोळ–धोपावे ही यातली जुनी सेवा, २००३ सालापासूनची. वेसवी–बागमांडला (बाणकोट खाडी), तवसाळ–जयगड आणि दिघी–आगरदांडा (राजापुरी खाडी) त्यानंतरच्या. पाण्यातला प्रवास दहा-वीस मिनिटांचा, वेळ जातो तो रांगेत.

धक्क्यावर सुटायच्या वेळेआधी अर्धा तास पोचा. गाडी रांगेत लावून एकाने खिडकीवर जावं. तिकीट गाडीचं वेगळं आणि माणसांचं वेगळं असतं, चालक बहुधा गाडीच्या तिकिटात धरलेला असतो. शेवटची फेरी किती वाजता, हे त्याच दिवशी सकाळी फोन करून विचारा. ऋतू आणि गर्दीप्रमाणे वेळ बदलते.

चढवताना चालक सोडून सगळ्यांनी उतरावं. गाडी हलकी होते आणि खालून घासत नाही. काचा खाली, गाणी बंद, पहिला गिअर. समोर हात करणारा खलाशी सांगेल तेवढंच वळवायचं. तो दिवसभर हेच करतो, त्याच्या हातावर नजर ठेवा, मागून ओरडणाऱ्या मेहुण्यावर नको. धक्क्याचा उतार जिथे बोटीच्या फळीला मिळतो तिथे कोन तयार होतो. लांब नाकाच्या सेडानचा पुढचा बंपर घासतो तो तिथे. सरळ न जाता किंचित तिरपं जाता आलं तर बरं, पण खलाशाच्या इशाऱ्यानेच. फळीच्या मध्यावर थांबू नका. उतार ओला आणि शेवाळलेला असतो. अर्धा क्लच दाबून तिथे तोल सांभाळायला गेलात की क्लचचा वास सुटतो आणि गाडी मागे सरकते. एका दमात, पण सावकाश, आत.

आत गेल्यावर इंजिन बंद, हँडब्रेक वर, गाडी गिअरमध्ये. गाड्या इतक्या चिकटून लावतात की दार उघडत नाही, म्हणून फोन, पाणी, टोपी आधीच हातात घ्या.

ओहोटी जितकी मोठी तितका उतार खोल. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे उधाणाला, पाणी सर्वांत खाली जातं. बुटकी गाडी असेल तर त्या दिवसांत ओहोटीची वेळ टाळा.

फेरी बंद असेल तर वळसे ठाऊक हवेत. जयगडला अडलात तर राई-भातगावच्या पुलावरून. दाभोळला अडलात तर दापोली, खेड, चिपळूण करून गुहागर, शंभराच्या वर किलोमीटर. बाणकोट खाडीला आंबेत-म्हाप्रळकडून, पण तिथला पूल त्या दिवसांत कुठल्या वाहनांना खुला आहे, ते विचारून मगच निघा. राजापुरी खाडीला तळा-म्हसळ्याकडून.

भरतीचं गणित

कोकणातली जुनी रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. दुपारी तीनला पूर्ण भरती, पहाटे तीनच्या सुमारासही, आणि मधे साधारण सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे दुपारी बाराला ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा पाऊण-एक तास पुढे सरकते. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच.

कॅलेंडरवर तिथी बघून दिवस असे लावा: हरिहरेश्वराची प्रदक्षिणा आणि पुळणीवरचं चालणं ओहोटीला, हेदवीची बामणघळ भरतीला. त्या अरुंद घळीत भरतीचं पाणी शिरून कारंज्यासारखं वर उडतं, ओहोटीला तिथे नुसती फट दिसते. लांबूनच बघा, कडेचा कातळ निसरडा असतो. टूरमध्ये हा हिशेब दुसऱ्याच्या हातात असतो. स्वतःची गाडी असेल तर तुमच्या, आणि ती घ्यायला एवढं एक कारण पुरे.

दिशा उलटी धरा

बहुतेक लोक मुंबईकडून गोव्याकडे किनाऱ्याने उतरतात आणि परत महामार्गाने येतात. उलटं करा. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजवीकडे असतो. आपण डावीकडून चालवतो, म्हणजे समुद्र आणि तुमच्यामध्ये समोरून येणाऱ्या गाड्यांची बाजू. थांबायचं तर रस्ता ओलांडावा लागतो, आणि समुद्र दिसतो तो चालकाच्या खिडकीतून, ज्याने बघायला नको त्याला. उत्तरेकडे येताना समुद्र डावीकडे, शेजारी बसलेल्याच्या बाजूला. गणपतीपुळ्याजवळ आरे-वारेला किंवा श्रीवर्धनजवळ शेखाडीच्या रस्त्यावर गाडी अलगद कडेला घेता येते. मात्र वळणावर थांबू नका, पुढे रुंद जागा येतेच.

पुण्याहून पाच दिवसांचा नमुना असा. पहिला दिवस: कुंभार्ली किंवा आंबा घाटाने थेट गणपतीपुळे, आठ-नऊ तास. दुसरा: जयगड, जंगलजेटी, तवसाळ, हेदवी, वेळणेश्वर, गुहागर. अंतर साठच्या आसपास, म्हणून निवांत. तिसरा: धोपावे, दाभोळ, मग हर्णैच्या बाजूला मुक्काम, संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव. चौथा: आंजर्ले, केळशी, वेसवी, जंगलजेटी, हरिहरेश्वर, श्रीवर्धन. हा सर्वांत दमवणारा दिवस, सकाळी सातला निघा. पाचवा: शेखाडीवरून दिवेआगर, मग माणगाव आणि ताम्हिणी घाटाने पुणे. मुंबईकरांनी शेवटच्या दिवशी दिघी–आगरदांडा करून मुरूड, काशीद, रेवदंडा, अलिबाग असं यावं. मांडव्याहून रो-रो बोटीने गाडीसकट भाऊच्या धक्क्यावर उतरता येतं, साधारण तासाभरात. तिचं तिकीट सुट्टीच्या दिवसांत आधी काढावं लागतं.

कुणी गाडी चालवू नये

अख्ख्या गाडीत चालवणारा एकच असेल आणि त्याने आधी घाट केला नसेल, तर पहिल्या खेपेला चालकासह गाडी घ्या. जून ते सप्टेंबर या काळात दरडी कोसळतात, घाट अचानक बंद होतात आणि वाऱ्या-पावसात फेऱ्या थांबतात, तेव्हाही तेच. एकटेदुकटे असाल, ज्येष्ठ असाल, सोबत हवी असेल, तर लहान गाडीची टूर चांगली. जेवणाखाण्याची, खोल्यांची कटकट राहत नाही. आजी-आजोबा आणि लहान मूल बरोबर असेल तर मात्र टूर नको. दर तासाला थांबावं लागणाऱ्या माणसांसाठी दुसऱ्याचं वेळापत्रक म्हणजे शिक्षा. गाडी लागणाऱ्याला पुढच्या सीटवर बसवा.

पैसे कमी आणि वेळ हाताशी असेल तर एसटी आहेच. महामंडळाचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास मिळतो. खाडी पायी-प्रवासी म्हणून ओलांडायची आणि पलीकडे पुढची गाडी धरायची. आतल्या गावांना दिवसाला मोजक्याच फेऱ्या असतात, तेव्हा स्टँडवरच्या चौकशी खिडकीत परतीची वेळ विचारल्याशिवाय उतरू नका.

दिवसांबद्दल थोडं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम. नाताळचा आठवडा आणि मे महिना जंगलजेटीच्या रांगांसाठी वाईट. गणपती आणि शिमग्याला चाकरमानी गावी येतात, महामार्ग भरतो आणि घरगुती मुक्काम देणाऱ्यांचं घर स्वतःच्याच पाहुण्यांनी भरलेलं असतं. वेळासला कासवाची पिल्लं बघायची तर साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिल, आणि आधी फोन करून. पिल्लं अंड्यातून कधी बाहेर येतील हे कुणी ठरवू शकत नाही, ती आली तरच सकाळी आणि संध्याकाळी पाण्यात सोडतात. टूरवाल्याने ‘कासव नक्की’ म्हटलं तर दुसरा टूरवाला बघा.

परत आल्यावर दोन दिवसांच्या आत गाडी खालून धुवून घ्या. जंगलजेटीवरचं खारं पाणी ब्रेकच्या तबकड्यांवर आणि सायलेन्सरवर बसतं आणि पत्रा आतून गंजवतं. धुणाऱ्याला ‘कोकणातून आलीये, खालून प्रेशर मारा’ एवढं सांगितलं की त्याला कळतं.